शहागंजचा हौद आणि पावसाची बदललेली चाल

शहागंज म्हटले की आज घड्याळाचा मनोरा आणि बाजारातील गर्दी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु अठराव्या शतकातील इतिहासकार खाफीखान याने येथील एका हौदाची नोंद आवर्जून करून ठेवली आहे. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याने त्या विस्तीर्ण हौदाच्या कामास आरंभ केला. पुढे ऐवजखानाने तेथील मशीद व इमारती वाढविल्या. तथापि श्रेय मूळ कर्त्याचेच, असे खाफीखानाचे म्हणणे. कारण उन्हाळ्यात पाणी दुर्मिळ झाले म्हणजे नगरवासीयांचे हाल याच हौदाने निवारले जात.

पाणी या नगरास अनायासे कधीच लाभले नाही. इ. स. १६१० मध्ये मलिक अंबराने खडकी वसविली आणि पुढे काही वर्षांतच नहर खोदविली. उत्तरेकडील डोंगरांत मुरलेले पाणी भूमिगत मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, वस्तीत येई. पुढे पाणचक्कीचे जातेही नहरीच्याच पाण्यावर फिरले. या साऱ्या व्यवस्थेचे भांडवल एकच होते, ते म्हणजे सावकाश पडून जमिनीत जिरणारा पाऊस.

आज नेमके तेच भांडवल डळमळू लागले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. एकंदर मोसमी पाऊस मात्र घटला. धो धो कोसळणारे पाणी वाहून जाते, मुरत नाही.

यावर कोणी म्हणेल, आता आपणांस जायकवाडी आहे. १९७६ पासूनचे ते धरण पैठणला, शहराहून सुमारे ५० किलोमीटरांवर. तेथून पाणी पंपांनी चढवून आणावे लागते. शिवाय धरणही पावसाचेच आश्रित. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याचा उपयुक्त साठा संपला होता. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. अशा वेळी ज्याच्या घरी मोठी टाकी, तो निभावतो. ज्याच्या घरी घागर, त्याचा दिवस पाण्यामागे जातो.

म्हणून नहरींचे अवशेष ही केवळ पाहुण्यांस दाखवावयाची वस्तू नव्हे. डोंगरउतारावर पाणी जिरविणे, नहरी व विहिरी गाळमुक्त राखणे, ही कामे धरणाच्या जोडीला हवीतच. हौद बांधणाऱ्याने उन्हाळ्याचा विचार आधी केला होता; आपणही तो पावसाळ्यातच केला पाहिजे.