गर्भावस्थेतील स्टेरॉइड आणि ताणव्यवस्थेची जडणघडण

अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणाऱ्या कॉर्टिसॉलला 'ताणाचे हॉर्मोन' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. प्रौढ देहापुरते हे नाव चालेल. गर्भाच्या बाबतीत ते दिशाभूल करणारे आहे. गर्भकाळाच्या अखेरीस वाढणारे कॉर्टिसॉल हे संकटाचे नव्हे, तर पक्वतेचे चिन्ह होय. एकाच द्रव्याच्या या दोन कार्यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न वैद्यकापुढे आला तो मात्र अगदी आडवाटेने.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रॅहम लिगिन्स हे प्रसूतिवेदना कशामुळे सुरू होतात याचा शोध मेंढ्यांवर घेत होते. गर्भास ग्लुकोकॉर्टिकॉइड दिल्यास प्रसूती वेळेआधी होते, हे त्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केले. परंतु त्यांच्या निरीक्षणांतील सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच होती. इतक्या अपक्व कोकराच्या फुप्फुसांत हवा टिकावयास नको. येथे ती काही अंशी टिकली होती. त्याच वर्षअखेरीस रॉस हाउई यांच्यासह त्यांनी स्त्रियांवर नियंत्रित चाचणी आरंभिली. २८२ मातांवरील तिचा वृत्तान्त १९७२ साली आला. बत्तीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या व प्रसूतीपूर्वी किमान चोवीस तास बीटामेथासोन लाभलेल्या अर्भकांत श्वसनविकाराचे प्रमाण ११.८ टक्के होते. औषध न मिळालेल्यांत ते ६९.६ टक्के होते. एवढा स्पष्ट पुरावा असूनही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने या उपचाराचा निःसंदिग्ध पुरस्कार केला तो १९९४ साली. पुढे दर आठवड्यास औषध पुन्हा देण्याची प्रथा बोकाळली, आणि २००० साली त्याच संस्थेच्या परिषदेस ती संशोधनापुरती मर्यादित ठेवा असे सांगावे लागले.

या सावधगिरीस आधार होता. वारेतील एक विकर मातेच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्क्रिय करते. गर्भाच्या ताणव्यवस्थेस ते जणू कुंपणच. बीटामेथासोन व डेक्सामेथासोन ही कृत्रिम द्रव्ये मात्र ते सहज ओलांडतात; ओलांडत नसती तर फुप्फुसांसही त्यांचा उपयोग झाला नसता. ऱ्हीसस माकडांवरील १९९० च्या प्रयोगांत डेक्सामेथासोनमुळे गर्भाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसच्या पेशींची हानी झालेली आढळली. कॉर्टिसॉलच्या स्रावास आवर घालण्यात याच भागाचा मोठा वाटा असतो.

मग ऑकलंडच्या बालकांचे काय झाले? तिशीत पोहोचल्यावर त्यांची तपासणी झाली (२००५). रक्तदाब, कॉर्टिसॉल, मधुमेहाचे प्रमाण, यांत भेद आढळला नाही. साखर पाजल्यानंतरचा इन्शुलिनचा प्रतिसाद तेवढा किंचित वाढलेला होता. हा निष्कर्ष दिलासा देणारा खरा, पण तो औषधाच्या एकाच आवर्तनापुरता आहे, हे अनेकदा विसरले जाते.

अधिक अस्वस्थ करणारी बाब फिनलंडमधील २०२० च्या अभ्यासात दिसते. सुमारे ६ लाख ७० हजार बालकांच्या या नोंदींत औषध मिळालेल्यांपैकी जवळजवळ ४५ टक्के बालके पूर्ण दिवसांची जन्मली होती. म्हणजे ज्या धोक्यासाठी औषध दिले, तो ओढवलाच नव्हता. या पूर्ण दिवसांच्या बालकांत मानसिक व वर्तनविषयक विकारांची नोंद ८.८९ टक्के, तर औषध न मिळालेल्या त्यांच्या बरोबरीच्यांत ६.३१ टक्के होती. अशा नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मातेला अकाली प्रसूतीचे भय ज्या कारणाने वाटले, ते कारणही दोषी असू शकेल. तथापि अकाली प्रसूती नक्की कोणाची होणार हे आधी ओळखणे आजही अवघड आहे, आणि तोवर काही गर्भांना हे औषध विनाकारण मिळतच राहणार.