रंगमहालाच्या देवडीपर्यंत

मनमाड स्टेशनच्या पुलावर उभे राहा आणि दक्षिणेकडे बघा. हडबीची शेंडी आणि तिच्या मागे अंकाई-टंकाईची जोडी. हे डोंगर नीट लक्षात ठेवा, कारण आता बाकीचे सगळे एकेक करून नाहीसे होणार आहे. आधी जातो रेल्वेचा कारखाना, पुलांचे गर्डर घडवणारा, १९०६ सालचा. मग हैदराबादची मीटरगेज जाते. मग दौंडचा फाटा, १८७८ चा. शेवटी थळ घाट चढून मुंबईहून आलेली मूळ लाइनही उखडली जाते. भोंगा नाही, जंक्शन नाही. एक लहानसे गाव उरते आणि त्याच्या भोवती काळी शेते.

आता पश्चिमेची वाट धरा. चांदवड इथून सुमारे २५ किलोमीटर आहे आणि सातमाळ्याची रांग उजव्या हाताला तुमच्या बरोबर चालणार आहे. चालता चालता वर्षे मागे पडतील. १८१८ चा एप्रिल येतो तेव्हा मागे वळून बघा: अंकाईच्या पायथ्याशी लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलची इंग्रजी तुकडी पोचली आहे आणि तो बेलाग किल्ला न लढता त्यांच्या हाती गेला आहे. काही दिवसांनी पुढच्या डोंगरावरचा राजदेहेरचा किल्लाही इंग्रजांच्या हाती जाईल, पण तिथे लढावे लागेल. या सगळ्याचे मूळ तीन महिने आधीच्या मंदसोरच्या तहात आहे. ६ जानेवारी १८१८ रोजी होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख सोडला. चांदवड त्यातच गेले. आणखी मागे चला. १८०४ मध्ये कर्नल वॉलेसने चांदवड एकदा घेतले होते, ते पुढे होळकरांना परत मिळाले. ही वर्षे भरभर ओलांडा. दुष्काळ आणि लुटालूट यांनी हा मुलूख तेव्हा पोळलेला आहे, वाटेवरच्या गावांत तुम्हाला भाकरी मिळायची नाही.

१७८५ च्या सुमारास थांबा. इथे माणसांची वर्दळ आहे. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणारा हमरस्ता चांदवडच्या डोंगरातून खाली येतो. आज तिथे राहूड घाटात कांद्याचे ट्रक गिअर बदलतात, त्या जागी आत्ता बैलांचे तांडे, उंट, हुंडी घेऊन निघालेले जासूद आणि काशीहून परतणारे यात्रेकरू आहेत. मल्हारराव होळकरांना चांदवडची देशमुखी मिळाली ती शतकाच्या मध्यावर. त्यांनी कारागीर आणून इथे वसवले. म्हणून पेठेत शिरताच आधी कानावर पडते ती तांबटांची ठोकठोक. इथल्या टांकसाळीत पडणारा चांदवडी रुपया दूरदूरच्या बाजारांत चालतो.

आणि समोर वाडा. त्याला रंगमहाल म्हणतात. त्याच्या बांधकामाचे श्रेय मल्हाररावांच्या सून अहिल्याबाईंना दिले जाते. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गेला, आणि तेव्हापासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य सांभाळले. त्यांची राजधानी महेश्वर, नर्मदेच्या काठी. इथला कारभार कमाविसदार, फडणीस, कारकून बघतात. पण निवाडा अडला की कागद महेश्वरला जातो.

बाहेरून हा वाडा किल्ल्यासारखा आहे. उंच, जाड भिंती, खाली काळा घडीव दगड आणि भला थोरला दरवाजा. दरवाज्यातली दिंडी तेवढी उघडी आहे. वाकूनच आत जावे लागते. ते मुद्दामच आहे, वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही. देवडीवरचा पहारेकरी विचारतो, “कुठलं गाव, पाव्हणं?” मनमाड म्हणा. “उन्हाचं आलात. बसा, पाणी घ्या, मग वर्दी देतो.” देवडीचा ओटा यासाठीच असतो. आलेला माणूस आत घेण्याआधी इथे बसवायचा, निरखायचा आणि निववायचा.

आतल्या चौकात आलात की उजेड एकदम बदलतो. बाहेरचा सगळा कठोरपणा भिंतीपलीकडे राहतो आणि इथे लाकूड सुरू होते. वाडा खरा उभा आहे तो सागाच्या सांगाड्यावर. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर टेकवलेला आहे, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. खांबाच्या माथ्यावर तुळई, तिला आधार देणारे कोरीव हस्त, खांबाखांबांमध्ये महिरपी. कुसू खोबणीत बसवून सांधे जुळवलेले आहेत, त्यामुळे जमीन हादरली तर सांगाडा किंचित हलतो आणि पुन्हा जागेवर येतो. दरबाराच्या दालनात हे खांब ओळीने उभे आहेत. त्यांच्यावरची नक्षी हाताने चाचपून बघा. सुताराने उजेड कुठून येणार हे ओळखून पटाशी किती खोल घालायची ते ठरवले आहे.

भिंती चुन्याच्या. कुठेतरी मागे घाणी फिरत असेल: गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. चुना आणि वाळू त्यात दिवसच्या दिवस मळली जाते. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घातला की चुना चिवट होतो. असा गिलावा ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, म्हणून वैशाखातही भिंतीला पाठ टेकली की गार वाटते. याच गिलाव्यावर चिताऱ्यांनी रंग चढवला आहे. देवादिकांची चित्रे न्यायासनाच्या भोवती आहेत. ज्याचे शेत कोणी दाबले तो शेतकरी, ज्याचा माल लुटला गेला तो वाणी, आपली कैफियत याच चित्रांसमोर उभा राहून सांगतो. मला या वाड्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. इथल्या शोभेचा उपयोग चैनीसाठी नव्हता. फिर्यादी आणि अधिकारी या दोघांनाही वरचा कोणीतरी बघतो आहे याची आठवण राहावी, अशी तिची जागा निवडलेली आहे.

वाड्यातून डोंगराकडे बघा. तिथे रेणुकामातेचे स्थान आहे, कातळात कोरलेले. वाडा आणि देऊळ यांचे नाते जिवंत आहे. नवरात्रात देवीची पालखी रंगमहालातून निघते. तुमच्या काळातही ती निघते, म्हणून परतीची वाट तिच्या मागून धरा.

परत येताना वाड्याचे काय झाले ते बघत या. १८१८ नंतर कमाविसदार गेला, फड गेला, टांकसाळ पुढे बंद पडली. ज्या कामासाठी वाडा बांधला ते कामच उरले नाही. छतातून पाणी मुरू लागले. साग दोनशे वर्षे टिकतो, पण तुळईचे टोक भिंतीत ओले राहिले तर आतून कुजते आणि बाहेरून कोणाला कळत नाही. काजळी, पावसाळे आणि माणसांचे हात चित्रांवरून फिरले. पुढे राज्याच्या पुरातत्त्व खात्याने वाडा संरक्षणाखाली घेतला आणि दुरुस्तीची कामे झाली.

या दुरुस्तीबद्दल मला ठामपणे एक सांगायचे आहे. अशा वाड्याला सिमेंट लावू नये. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. ती भिंतीत अडकते, क्षार वर येतात आणि चित्रांसकट गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. चुन्याचे काम सावकाश होते, त्याला जाणते हात लागतात आणि तेवढा वेळ व पैसा द्यावाच लागतो. मजबुतीच्या नावाने सिमेंटची पाटी आत जाताना दिसली, तर चांदवडकरांनी ती अडवावी.

आणि तुम्ही आता खरोखरच जा. मनमाडहून चांदवडला एसटी आहे. दिवसाउजेडी जा, मुलांना बरोबर न्या, खांबाखालचा तळखडा त्यांना दाखवा. चित्रांना हात लावू नका आणि भिंतीवर नाव कोरणारा दिसला तर त्याला थांबवा. १९६० च्या राज्याच्या प्राचीन स्मारक कायद्याने तो गुन्हा आहे.