संकटापूर्वीचें धन

मुंबईचा किनारा नागपूरपासून लोहमार्गानें पांचशें मैलांहून अधिक दूर आहे. समुद्राची गाज नागपूरकरांच्या कानीं पडत नाहीं. तरीही आग, पूर, स्फोट अशा अरिष्टांशीं झुंजणारीं माणसें तयार करण्याच्या दोन अखिल भारतीय संस्था याच शहरीं वाढल्या. १९५६ सालीं रामपूर येथें स्थापन झालेलें राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय पुढच्याच वर्षीं नागपुरास आलें. आणि २९ एप्रिल १९५७ रोजीं संकटकालीन मदतकार्याचें शिक्षण देणारी जी केंद्रीय संस्था येथें निघाली, तिलाच १९६८ सालीं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हें नांव मिळालें. संकटाशीं लढण्याची विद्या संकट येण्यापूर्वीं शिकवावी लागते, हें तत्त्व या संस्थांच्या मुळाशीं आहे. परंतु विद्येबरोबर द्रव्यही लागतें. तें द्रव्य कोणीं, केव्हां आणि कोणत्या सीमेपर्यंत द्यावयाचें, या प्रश्नाचा इतिहास किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनींही जाणून घेण्यासारखा आहे.

हा प्रश्न हिंदुस्थानांत प्रथम उभा केला तो दुष्काळानें. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनमध्यें आणि मद्रास इलाख्यांत लक्षावधि माणसें मेलीं. दुष्काळ हें अवचित कोसळणारें अरिष्ट नसून पुनःपुन्हां येणारा खर्च आहे, हें तेव्हां सरकारच्या ध्यानांत आलें. आणि १८७८ सालीं नवे कर बसवून दुष्काळाच्या तरतुदीसाठीं दरसाल दीड कोट रुपये बाजूस काढावयाचे असें लॉर्ड लिटनच्या सरकारनें ठरविलें. विचार उत्तम होता. पण हा पैसा निराळ्या पेटींत पडला नाहीं. तो सरकारी जमाखर्चांतच मिसळून राहिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अफगाणिस्तानाशीं युद्ध जुंपलें, आणि शिल्लक त्या खर्चांत ओढली गेली. कर मात्र रयतेनें भरला होता. या प्रकारावर हिंदी लोकांनीं पुढें पुष्कळ वर्षें टीका केली, ती अनाठायीं नव्हती. दुष्काळ आयोगाच्या १८८० च्या अहवालानंतर दुष्काळाचे नियम तयार झाले; १८९६-९७ च्या दुष्काळांत या नियमांप्रमाणें रयतेचे हक्क कोणते, हें पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनीं आणि ‘केसरी’नें खेडोपाडीं समजावून सांगितलें. म्हणजे निधि पातळ झाला तरी नियम उरले, आणि तेच लोकांच्या कामीं आले.

दुष्काळ आपल्या चालीनें येतो. समुद्रावरचें संकट क्षणांत येतें, आणि तें बहुधा परक्या बंदरांतून निघालेलें असतें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकाइन’ हें जहाज उभें होतें. इंग्लंडांतील बर्कनहेड बंदराहून तें कराचीमार्गे आलें होतें. पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं, आणि शिवाय कापसाच्या गांठी. युद्धाच्या धामधुमींत धोक्याच्या मालाविषयींचे नेहमींचे निर्बंध सैल झाले होते. दुपारीं आग लागली, आणि चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या आंत दोन प्रचंड स्फोट झाले. शेंकडों माणसें प्राणास मुकलीं. त्यांत आग विझविण्यास गेलेले साठांहून अधिक अग्निशामक होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर पाळला जातो. गोदीचा ढिगारा उपसण्यास सुमारें ८,००० माणसें सात महिने खपत होतीं. एवढा खर्च करण्यास नंतर कोणींही मागेंपुढें पाहिलें नाहीं. परंतु ज्या राष्ट्रीय विद्यालयानें अग्निशामकांना एका धर्तीचें शिक्षण द्यावयाचें, तें निघण्यास मात्र आणखी बारा वर्षें जावीं लागलीं.

समुद्रांतील तेलाच्या बाबतींतही साऱ्या जगाची हीच गत झाली. १८ मार्च १९६७ रोजीं ‘टॉरी कॅन्यन’ हें तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकावर आदळलें. त्यांत सुमारें १,२०,००० टन कच्चें तेल होतें. जहाजाची नोंदणी लायबेरियांतली, मालकी अमेरिकन कंपनीकडची, तें भाड्यानें घेणारी कंपनी ब्रिटिश, कप्तान इटालियन. आणि तेल पसरलें तें इंग्लंडच्या कॉर्नवॉलपासून फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतापर्यंत. भरपाई मागावी कोणाकडे? यांतून १९६९ आणि १९७१ सालचे दोन आंतरराष्ट्रीय करार जन्मास आले. पहिल्यानें जहाजाच्या मालकावर, त्याचा दोष सिद्ध होवो वा न होवो, भरपाईची जबाबदारी टाकली आणि विमा सक्तीचा केला. दुसऱ्यानें, मालकाची रक्कम अपुरी पडल्यास उरलेली भरपाई देण्यासाठीं एक सामायिक निधि उभारला. समुद्रमार्गानें वर्षाकाठीं दीड लाख टनांहून अधिक तेल घेणाऱ्यांनीं त्यासाठीं वर्गणी द्यावयाची. ज्याच्या चुलीसाठीं तेल येतें त्यानें जोखमीचाही वांटा उचलावा, हा न्याय सरळ आहे. भारतही पुढें या व्यवस्थेंत सामील झाला.

तथापि ही व्यवस्था किती तोकडी होती, तें मुंबईनेंच अनुभवलें. ७ ऑगस्ट २०१० रोजीं जवाहरलाल नेहरू बंदरांतून बाहेर पडणारें ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारें ‘खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडलें; मालाच्या शेंकडों पेट्या समुद्रांत पडल्या आणि सुमारें ८०० टन तेल पाण्यावर पसरलें. दोन्ही बंदरांची वाहतूक कांहीं दिवस बंद पडली. उरण-अलिबागकडच्या तिवरांच्या मुळांना काळा लेप बसला. गिऱ्हाइकानें मासळीकडे पाठ फिरविली आणि कोळ्यांच्या हातचें उत्पन्न गेलें. आतां त्या सामायिक निधींतून भरपाई मिळावयास हरकत कोणती, असें वाटेल. हरकत ही, कीं ‘चित्रा’ तेलवाहू नव्हतें. सांडलें तें त्याच्या इंजिनाचें इंधन. आणि निधि तर तेलवाहू जहाजांपुरता. इंधनाच्या गळतीसाठीं २००१ सालीं निराळा करार झाला होता व तो २००८ पासून अमलांतही आला होता. परंतु भारत तोंवर त्यांत सामील नव्हता. तसा निर्णय झाला २०१५ सालीं. तेल आवरण्यासाठीं खास बांधलेलें तटरक्षक दलाचें पहिलें जहाज ‘समुद्र प्रहरी’ मुंबईंत सेवेंत दाखल झालें ऑक्टोबर २०१० मध्यें, म्हणजे टक्कर झाल्यावर दोन महिन्यांनीं. पुढच्याच वर्षीं, ४ ऑगस्टला, ‘रॅक’ हें कोळशाचें जहाज मुंबईजवळ बुडालें. त्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादानें जहाजाशीं संबंधित कंपन्यांना १०० कोटि आणि कोळशाच्या मालकास ५ कोटि रुपये भरण्याचा हुकूम केला, तो २०१६ सालीं. तहान लागल्यावर विहीर खणावयाची, ही म्हण अशा वेळीं विनोदाची राहत नाहीं.

यांतला खरा दोष कृपणतेचा नाहीं. अरिष्ट आल्यावर सरकार देतें आणि लोकही देतात. कठीण आहे तें न आलेल्या अरिष्टासाठीं देणें. आणि त्याहून कठीण, शेजाऱ्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या अरिष्टासाठीं देणें. तेलगळतीच्या पूर्वतयारीविषयीं १९९० सालीं जो जागतिक करार झाला, त्यानें प्रत्येक राष्ट्रानें योजना आंखावी, सामग्री ठेवावी आणि एकमेकांस साहाय्य करावें असें सांगितलें. त्यासाठीं भरपाईच्या निधीसारखी वर्गणीची पेटी मात्र ठेवली नाहीं. दक्षिण आशियांत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व मालदीव या पांच राष्ट्रांचा समुद्र एकच आहे. त्यांच्यासाठीं कोलंबो येथील प्रादेशिक संस्थेनें तेल व रसायनांच्या प्रदूषणाविरुद्ध सहकार्याची योजना आंखली, आणि २०१८ सालीं भारताच्या मंत्रिमंडळानें तीस संमति दिली. मे २०२१ मध्यें कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ पेटलें, तेव्हां भारतीय तटरक्षक दलाचीं जहाजें आग विझविण्यास धांवलीं. पण त्यापूर्वीं त्याच जहाजांतील नायट्रिक आम्लाची गळकी पेटी उतरून घेण्यास कतारचें हमाद आणि गुजरातेंतील हजिरा या दोन्ही बंदरांनीं असमर्थता दाखविली होती. तसली पेटी हाताळण्याची सोय तेथें नव्हती. एका बंदरांतली ती सोय दुसऱ्या देशाच्या कोळ्यांचा समुद्र वांचवूं शकली असती. तिचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकांत मांडावयाचा, हाच प्रश्न उरतो.

१८७८ चा निधि वेगळ्या पेटींत न राहिल्यानें वाया गेला. १९७१ चा निधि वेगळा राहिला म्हणून टिकला, पण त्याची कक्षा अपुरी पडली. या दोन्ही अनुभवांचा अर्थ एकच आहे. पूर्वतयारीचा पैसा दरसाल, ठरल्या प्रमाणांत आणि निराळा ठेवला पाहिजे. आणि ज्यांचा समुद्र एक त्यांची तरतूदही कांहीं अंशीं एक असली पाहिजे. नागपूरच्या विद्यालयांतून तयार होऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला पुढें कोणत्या किनाऱ्यावर जावें लागेल, हें आज सांगतां येत नाहीं. तो तेथें पोंचेल तेव्हां साधनें त्याच्या आधीं पोंचलेलीं असावींत, एवढी व्यवस्था करणें मात्र आजच्या हातांत आहे.