वैशाखातला कोट

बोईसरच्या पुढचं स्टेशन वाणगाव. १९७८ साली वैशाखात तिथल्या एका लग्नाला मी सुटाबुटात गेलो. समुद्र फार लांब नाही, त्यामुळे हवा दमट; पंखे होते, पण वधूवरांच्या बाजूला. मंगलाष्टकं संपली आणि आतल्या खिशातून आहेराचं पाकीट काढलं, तर वरचं नाव घामाने पुसलेलं! माझे अकरा रुपये निनावी जमा झाले. शेजारी धोतर-सदऱ्यातले एक आजोबा उपरण्याने वारा घेत बसले होते. म्हणाले, "पाहुणे, थंडी वाजतेय का?"

पेशवाईतला अंगरखा सुती, सैल, बंदांनी बांधायचा. लोकरीचा कोट थंड विलायतेतला. साहेबाबरोबर आला, आधी कचेरीत धोतरावर चढला आणि पुढे धोतरालाच हाकलून मांडवात नवरदेव झाला. शेजारच्या डहाणूचे पारशी बघा. साहेबाची टाय-पाटलोण त्यांनी आपल्या आधी उचलली, पण लग्नात आजही पांढरी सुती डगलीच. आणि १९३१ च्या नोव्हेंबरात, लंडनच्या थंडीत, गांधीजी बादशहाकडे चहाला गेले ते पंचा नेसून! आम्ही मात्र वैशाखात कोट घालून उकडणार.

यंदा मे महिन्यात भाच्याचं लग्न, तेही वाणगावलाच. हट्टाने धोतर आणलं. पण नेसवणार कोण? वडील गेले, काका गेले; मी कधी शिकलोच नाही. शेवटी दुकानात जाऊन शिवलेलं, नाडीचं धोतर घेऊन आलो.