टेंभलीचा अंगठा

१८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामग्रीच्या करारावर एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. हेतू एकच : उद्या त्याने करार नाकारू नये. ठशाचा जन्मच अविश्वासातून झाला.

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर खडी फोडणारे निरक्षर मजूर मस्टरवर अंगठा उमटवीत. त्या मस्टरवर खोटी नावेही चढत. पण ती चढवणारा हात मजुराचा नसे, मस्टर सांभाळणाऱ्याचा असे.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिली आधार कार्डे वाटली गेली. दहा बोटे, दोन बुबुळे यांची नोंद झाली. पुढे मनरेगात १ जानेवारी २०२३पासून मोबाइल ॲपवर छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. १ जानेवारी २०२४पासून मजुरीसाठी आधार-आधारित प्रणाली सक्तीची झाली.

माती उपसून, दगड फोडून बोटांवरच्या रेषा झिजतात. मग पैसे काढताना यंत्राला अंगठा ओळखू येत नाही. लबाडी मस्टर लिहिणाऱ्याची. पुरावा मात्र आजही मागितला जातो तो राबणाऱ्या हाताकडेच.