पुंडलिक (मूकपट)

पुंडलिक : रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे (१८९०–१९६०) यांचा मूकपट. १८ मे १९१२ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो प्रथम दाखवला गेला आणि सुमारे दोन आठवडे चालला. लांबी सुमारे १,५०० फूट, म्हणजे पडद्यावर वीस-बावीस मिनिटे. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मालवणकडचे तोरणे तेव्हा बावीस वर्षांचे होते. नाटकाची ओढ त्यांना आधीपासून होती. रामराव कीर्तिकर यांचे ‘पुंडलिक’ नाटक त्यांनी चित्रीकरणासाठी निवडले. नानासाहेब चित्रे आणि टिपणीस हे त्यांचे सहकारी. आईवडिलांच्या सेवेत रमून विठ्ठलालाही विटेवर तिष्ठत ठेवणाऱ्या भक्ताची ही कथा प्रेक्षकांना पाठ होती, त्यामुळे संवादांवाचूनही ती कळण्यासारखी होती.

चित्रपटाची घडण हाताशी असलेल्या साधनांतूनच झाली. स्टुडिओ नव्हता; ग्रँट रोड परिसरातील मंगळदास वाडीत नाटकाचा प्रयोगच कॅमेऱ्यासमोर उभा करण्यात आला. संहिता तयार होती, नटांना भूमिका ठाऊक होत्या. कॅमेरा जॉन्सन नावाच्या युरोपीय छायाचित्रकाराने चालवला, तर निगेटिव्ह धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्याने सलग केलेले पहिले चित्रण मनासारखे न उतरल्याने नाटक तुकड्यातुकड्यांनी चित्रित करून जोडले, असे सांगितले जाते. ते खरे असेल, तर संकलनाची गरज या मंडळींना कामातूनच उमगली होती आणि तोरण्यांच्या श्रेयात ही बाब ठळकपणे मोजायला हवी. संगीत नाटकाचा प्राण असलेली पदे मात्र मूकपटाला घेता येत नव्हती. उरत होते हावभाव, वेशभूषा आणि कथेचा ओळखीचा ओघ.

‘पुंडलिक’वरचा वादही या घडणीतूनच उपजला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ याच कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षभराने लागला. तरीही पहिल्या भारतीय कथापटाचा मान सर्वसाधारणपणे त्यालाच दिला जातो. ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरील प्रयोगाचे चित्रण होते, छायाचित्रकार परदेशी होता आणि रसायनक्रियाही परदेशात झाली, हे आक्षेप त्यामागे आहेत. फाळक्यांनी खास चित्रपटासाठी पटकथा रचली आणि फिल्म धुण्यापर्यंतची कामे इथेच केली. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबीही ३,७०० फूट होती. हा फरक मोठा आहे. पण कथा सांगणारे चित्रण भारतीयांनी योजून, भारतीय नटांकडून करवून, तिकीट लावून दाखवले, हा ‘पुंडलिक’चा अग्रमान त्याने कमी होत नाही.

‘पुंडलिक’ची प्रत उरली नाही, यात नवल नाही: त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असे आणि दमट हवेत कुजे. खेळ संपल्यावर प्रती जपण्याची सोयही नव्हती. प्रती जपणारे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय फार उशिरा, १९६४ मध्ये स्थापन झाले. भारतात निघालेल्या सुमारे १,३०० मूकपटांपैकी जेमतेम तीसेक, तेही बरेचसे अपुरे, शिल्लक आहेत. ‘पुंडलिक’ची माहिती आज मुख्यतः वृत्तपत्रांतील जाहिरातींवरून आणि आठवणींवरून मिळते.

तोरणे पुढे चित्रपटयंत्रांच्या व्यापारात शिरले. ‘आलम आरा’ (१९३१) साठीची ध्वनिमुद्रण सामग्री अर्देशिर इराणींना त्यांच्यामार्फत मिळाली. नंतर पुण्यात त्यांनी सरस्वती सिनेटोन काढली. तिचा ‘श्यामसुंदर’ (१९३२) हा बोलपट मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला.