रोखा, व्याज आणि बंड

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर मंचरच्या अलीकडे पेठ हें गांव लागतें. पेठ म्हणजे बाजार. आणि जेथें बाजार तेथें उधारी आलीच. या पठारापासून पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत आंबेगांव व जुन्नर हे तालुके पसरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकांत या डोंगरांतील उधारीच्या वह्यांतूनच बंडें जन्मास आलीं.

येथील कोळी नाईकांचें पिढीजात काम गडांची व घाटांची राखण करण्याचें होतें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. पुढें गडांवरील शिबंदी कमी झाली आणि तिजबरोबर वेतनही गेलें. उरली ती डोंगरउतारावरील नाचणी-वरईची शेती. पावसाळ्याच्या तोंडीं घरांतील धान्य संपे, आणि सावकाराच्या ओट्यावर जाण्यावांचून गत्यंतर नसे.

सावकार पूर्वींही होताच. परंतु गांवाचा रोष सांभाळूनच त्याला वसुली करावी लागे. नव्या राज्यांत दिवाणी न्यायालय त्याच्या पाठीशीं उभें राहिलें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा, पण फळ उलटें आलें. मुदत भरण्यापूर्वीं सावकार थकलेलें व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा लिहून घेई. निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी, आणि व्याजावर व्याज चढत जाई.

अकोले तालुक्यांतील देवगांवच्या राघोजी भांगऱ्यानें १८४४ च्या सुमारास सावकारांवर शस्त्र उचललें. १८४८ सालीं ठाण्यास त्याला फांशी झाली. बंडखोर गेला, पण बंडाचें कारण राहिलें. १८७३ सालीं आंबेगांवच्या डोंगरांतील जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले यानें टोळी उभारली. ही टोळी सावकारांना लुटी आणि कित्येकांचीं नाकें कापी. कृत्य क्रूर होतें. पण त्यामागील हिशेब उघड होता. सावकाराचें खरें भांडवल त्याची पत आणि दरारा; घाव त्यावर होता. सरकारनें होन्यावर १००० रुपयांचें आणि त्याच्या साथीदारांवर २०० ते ६०० रुपयांचें बक्षीस लाविलें. तरीही खास पोलीस तुकडीला तो दाद देईना. अखेर १८७६ सालीं मेजर डॅनियल यांनीं त्यास पकडलें. ज्या मुलुखांत वर्षाचें पोट भरण्याची भ्रांत, तेथें हजार रुपयांनीं जें सहज साधलें नाहीं, त्यावरून लोकांच्या मौनाची किंमत कळते.

डोंगरांतील ही आग विझण्यापूर्वींच मैदानांत दुसरी भडकली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचा भाव चढला आणि कर्ज सुलभ झालें. युद्ध संपतांच भाव कोसळला. त्याच सुमारास कित्येक तालुक्यांत शेतसारा वाढविण्यांत आला. सावकारांनीं हात आखडला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें भरबाजारांत दंगा झाला आणि तो पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरला. पण या दंग्यांत लोकांचा डोळा मुख्यतः रोख्यांवर होता. कागद स्वाधीन करणाऱ्याच्या अंगाला सहसा हात लागला नाहीं. ज्या कागदाच्या बळावर न्यायालय जमीन काढून घेई, तो कागदच शेतकऱ्यानें जाळला.

सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशास रोख्याच्या पाठीमागें जाऊन देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला; फेडीचे हप्तेही बांधून देतां येऊं लागले. परंतु सावकारही स्वस्थ बसला नाहीं. गहाणाऐवजीं तो खरेदीखत मागूं लागला. कायद्यानें अन्यायाची एक वाट बंद केली, पण पावसाळ्यापूर्वीं धान्य कोठून आणावें हा प्रश्न सुटला नाहीं. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. आणि सावकारीच्या नियमनासाठीं महाराष्ट्राला २०१४ सालींही नवा कायदा करावा लागला.

या बंडांचा जमाखर्च मांडला तर कोणाच्याच पदरीं निखळ लाभ दिसत नाहीं. सावकारानें अब्रू गमावली, बंडखोरानें प्राण वा स्वातंत्र्य, सरकारनें पैसा आणि विश्वास. गरीब शेतकऱ्याला तर उधारही दुर्मिळ झाली. गाऱ्हाणें वेळींच ऐकण्यास जो खर्च आला असता, तो याहून खचितच थोडा होता.